वॉटर टेंपल: एक किल्ली कमी पडतेय. चूक माझी की देवळाची?

बुडीत खातं
मंडळी, जरा लाजिरवाणा प्रश्न आहे. 'झेल्डा' मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम' हा व्हिडिओ गेम १९९८ साली आला आणि मी तो आत्ता पहिल्यांदा खेळतोय. हसून घ्या. तोही जुना, निन्टेंडो ६४ वाला, कारण एका मित्राने "खेळायचा तर मूळचाच खेळ" असं बजावलं होतं. तो मित्र सध्या फोन उचलत नाही.

फॉरेस्ट टेंपल मजेत झालं, फायरही झालं. वॉटर टेंपल या पाण्याने भरलेल्या देवळाच्या लेव्हलमध्ये आज तिसरी रात्र. नकाशा आणि होकायंत्र दोन्ही मिळालंय. पाण्याच्या तिन्ही पातळ्यांच्या पाट्या सापडल्यात, त्यांच्यासमोर ओकारिनावर (फुंकून वाजवायचं छोटं वाद्य) अंगाई वाजवली की पाणी वर-खाली होतं. समोर कुलूप लावलेलं दार आहे आणि खिशात किल्ली नाही. जिथे जिथे जाता येतं तिथे सगळीकडे जाऊन आलो. तीन तीनदा.

प्रश्न दोन:
१. किल्ली चुकीच्या दाराला वापरून मी कायमचा अडकलोय का? असं होऊ शकतं असं कुठेतरी वाचलंय.
२. ही लेव्हल खरंच अवघड आहे की नुसतीच वाईट रचलीय?

किल्ली कुठे आहे ते कृपया सांगू नका. अजून थोडा स्वाभिमान शिल्लक आहे.

रात्रपाळी
आलास तळाशी? ये, बस. आम्ही सगळे इथेच असतो.

वाकडी खिडकी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. मूळ आवृत्तीत या देवळात सहा छोट्या किल्ल्या आहेत आणि कुलपंही तितकीच. कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला चालते, त्यामुळे क्रम चुकला तर पायपीट वाढेल, पण अडकून पडणार नाहीस. 'कायमचा अडकलो' ही अफवा एक किल्ली न सापडलेल्या लोकांनीच पसरवलेली आहे. (मीही एकेकाळी पसरवलीय.)

दुसऱ्या प्रश्नावर इथे मारामाऱ्या होतील, त्या बघत बस.

लोखंडी चप्पल
अवघड नाही. कंटाळवाणी आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक म्हणजे बूट.

ज्यांनी फक्त नवी आवृत्ती खेळली त्यांना हे कळणार नाही म्हणून सविस्तर. पाण्यात तळाला जायचं तर लोखंडी बूट घाला, वर यायचं तर काढा. इथवर कल्पना सुंदर आहे. पण निन्टेंडो ६४ वर बूट कुठल्याच बटणाला लावता येत नाहीत. स्टार्ट दाबायचं, खेळ थांबतो, मेनू उलगडतो, पानं फिरवत पोशाखाच्या पानावर जायचं, बूट निवडायचे, पुन्हा स्टार्ट. मग आपले नायक लिंक साहेब संथपणे तळाला टेकणार. आणि टेकल्यावर लक्षात येणार की आपल्याला वर जायचं होतं.

एकदा मेनू किती वेळा उघडतोय ते मोजायला घेतलं होतं. सत्तरीनंतर सोडून दिलं, मोजल्याने राग वाढत होता.

खाली गेल्यावर तरी काही करता येतं का? तर तलवार चालत नाही, बाण नाही, बॉम्ब नाही. हातात फक्त हुकशॉट, म्हणजे साखळीवर सुटणारा आकडा. म्हणजे ज्या खेळात तलवारबाजीची इतकी मजा आहे, त्यातली तलवारच काढून घेतलीय.

ढ विद्यार्थी
चप्पलराव, नावाला जागलात!

बुडीत, किल्ली मला माहितीये. मधल्या मनोऱ्यात

रात्रपाळी
ए गप! त्याने सांगू नका म्हटलंय.

ढ विद्यार्थी
मी फक्त 'मधल्या मनोऱ्यात' म्हटलं. देवळात मनोरा एकच आहे आणि तो अख्ख्या देवळाच्या मध्ये आहे. हा काय सुगावा झाला?

पानगळ
माझी बाजू थोडी वेगळी. हे देऊळ मी आणि माझ्या भावाने मिळून सोडवलं. कंट्रोलर एकच, त्यामुळे एक जण खेळायचा आणि दुसरा वहीत नकाशा काढायचा. खेळातला नकाशा आहेच, पण तो मजला दाखवतो, पाणी कुठवर आहे ते दाखवत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक खोलीसमोर तीन चौकोन काढले: पाणी खाली असताना, मध्ये असताना, वर असताना. जाऊन आलो की त्या चौकोनात फुली.

वहीत मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हे देऊळ म्हणजे एकावर एक ठेवलेली तीन देवळं आहेत. खोली तीच, पण पाणी वर असताना जी छताजवळची फट असते, तीच पाणी खाली गेल्यावर हात न पोचणारा कठडा होते. दालनं फार नाहीत, पण डोक्यात तिप्पट धरावी लागतात.

बुडीत, "सगळीकडे जाऊन आलो" असं म्हणतोस, ते कुठल्या पातळीला? प्रत्येक ठिकाणी तिन्ही पातळ्यांना गेला आहेस का? एवढंच विचारते, यापुढे काही बोलत नाही.

(भाऊ अजून म्हणतो की देऊळ त्याने सोडवलं आणि मी नुसत्या फुल्या मारत होते.)

बुडीत खातं
पानगळताई, तीन चौकोनांची गोष्ट वाचून पोटात खड्डा पडला. नाही, तसा गेलो नाही. मी 'खोली बघितली' एवढंच धरत होतो. वही घेऊन बसतो.

खुडबुड
पानगळ यांचा मुद्दा पुढे नेतो, कारण मला ही संपूर्ण मालिकेतली सर्वोत्तम लेव्हल वाटते. दगड नंतर मारा.

या खेळातल्या देवळांची जबाबदारी एइजी आओनुमा यांच्याकडे होती. निन्टेंडोत येण्याआधी त्यांनी कलेचं शिक्षण घेतलं आणि तिथे कळसूत्री बाहुल्या बनवल्या. जपानी काराकुरी बाहुल्यांच्या जातीच्या, आत चाकं-दोऱ्या असलेल्या, एक भाग हलला की दुसरा हलणाऱ्या. हे कळल्यावर वॉटर टेंपलकडे बघायची माझी दृष्टीच बदलली. फॉरेस्ट टेंपल म्हणजे खोल्यांची माळ, एक सुटली की पुढची. वॉटर टेंपल म्हणजे अख्खी इमारत हेच एक यंत्र. एका पाटीसमोर अंगाई वाजवायची आणि चार भिंतींपलीकडच्या, तीन मजले खालच्या खोलीचं उत्तर बदलतं.

मालिकेत याच जातीची आणखी उदाहरणं आहेत. 'लिंक्स अवेकनिंग'मधला (१९९३) ईगल्स टॉवर आठवा. लोखंडी गोळा उचलून उचलून चार खांब फोडायचे, मग वरचा मजला खाली कोसळतो आणि नकाशाच बदलतो. 'माजोराज मास्क'मध्ये (२०००) ग्रेट बे टेंपल, तिथे पाण्याची पातळी नाही तर प्रवाहाची दिशा उलटवायची. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधली (२०१७) ती अगडबंब यांत्रिक जनावरं तर थेट नकाशावरून हलवायची. हे सगळं एकाच घराण्यातलं, आणि त्रिमितीत त्याचा पहिला मोठा प्रयोग वॉटर टेंपल. पहिल्या प्रयोगाला खरचटणारच.

वाकडी खिडकी
खुडबुड, बाहुल्यांचा मुद्दा आवडला, पण तो तुमच्यावरच उलटतो.

कळसूत्री बाहुलीची गंमत कशात असते? दोरी ओढली की हात हललेला *दिसतो*. ईगल्स टॉवरमध्ये मजला कोसळलेला दिसतो, आवाज होतो, पडदा थरथरतो. ग्रेट बेमध्ये भिंतीवरून लाल-हिरव्या नळ्या जातात, कुठलं पाणी कुठे चाललंय ते त्यांच्यामागे गेलं की कळतं. वॉटर टेंपलमध्ये काय दिसतं? लिंक ओकारिना वाजवतो, पाणी चढतं. त्याच क्षणी दुसरीकडे काय हललं याचा पत्ता नाही. यंत्र आहे मान्य, पण झाकण लावलेलं यंत्र आहे.

आणि बुडीतची किल्ली (जागा सांगत नाहीये) नेमकी त्या झाकणाखाली आहे. माझ्या ओळखीत या देवळात अडकलेले जितके आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक त्या एकाच किल्लीवर अडकले. ती एक सोडली तर बाकी देऊळ शहाण्यासारखं वागतं.

खुडबुड
हे मात्र मान्य करावं लागेल. त्या एका जागी कॅमेऱ्याने मान वळवायला हवी होती.

रात्रपाळी
वळवली की. २०११ च्या, निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावरच्या आवृत्तीत त्या जागी छोटं दृश्य घातलंय. शिवाय पाण्याच्या पाट्यांकडे जाणाऱ्या वाटांवर भिंतींना रंगीत पट्टे ओढलेत आणि बूट सरळ बटणाला लावता येतात. जड बूट घालणं-काढणं सोपं ठेवलं नाही याबद्दल आओनुमांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली होती, त्याचं हे प्रायश्चित्त म्हणायचं.

ती आवृत्ती खेळून लोक येतात आणि विचारतात, "एवढं काय त्यात?" त्यांच्याशी मी बोलत नाही.

लोखंडी चप्पल
दिलगिरी कशाबद्दल? बुटांबद्दल. किल्लीबद्दल नाही, नकाशाबद्दल नाही. बुटांबद्दल! माझा मुद्दा खुद्द कर्त्यानेच मान्य केलाय. मी आता शांतपणे झोपू शकतो.

खुडबुड
झोपा, पण बूट काढून.

गवताची काडी
मला ते रंगीत पट्टे आवडले नाहीत. बूट बटणावर दिले ते योग्यच, ती गैरसोय होती आणि तिच्यात कोडं काहीच नव्हतं. पट्ट्यांनी मात्र कोड्यालाच हात घातला. मनोऱ्याभोवती गोल गोल पोहत "मी आत्ता नक्की कुठल्या बाजूला आहे?" हा संभ्रम म्हणजे ती लेव्हल आहे. पट्टे ओढल्यावर ती चांगल्या पाट्या लावलेली पाणपोई होते.

आणि त्यात संगीतकार कोजी कोंदोंचं ते संगीत. संथ, थेंबाथेंबाने पडणारं, कुठेही घाई नाही. बाकीची देवळं घाबरवतात, हे गुंगवतं. आपण चुकलोय हे अर्ध्या तासाने कळतं ते त्या संगीतामुळेच.

ढ विद्यार्थी
गुंगवतं कसलं, मी दोनदा कंट्रोलर हातात घेऊन झोपलोय. जाग आली तेव्हा लिंक तळाशी तसाच उभा. बिचारा.

पानगळ
झोरा अंगरखा घातला होता म्हणून वाचला. नाहीतर बूट घालून खाली उभं राहिलं की घड्याळ चालू होतं आणि श्वास संपतो.

अवांतर: तो निळा अंगरखा आम्ही दुकानातून ३०० रुपयांना, म्हणजे खेळातल्या रुपीजना घेतला होता. त्यासाठी भावाने दिवसभर गवत कापलं. नंतर कळलं की गोठलेल्या झोरा राजाला निळ्या आगीने वितळवलं की तो तसाच देतो. त्या दिवशी घरात शांतता होती.

रात्रपाळी
आणि देवळात गेल्यावर लाईक-लाईक नावाचा राक्षस तो अंगरखा गिळतो. लगेच मारलं नाही तर गेला.

पानगळ
त्याबद्दल बोलायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय.

शून्य बाण
इतके प्रतिसाद झाले आणि डार्क लिंकचं नाव नाही?

(बुडीत, हा प्रतिसाद सोडून दे. खरंच सोड.)

त्या खोलीबद्दल माझं मत ठाम आहे: इतक्या शांतपणे इतकी भीती कुठल्याच खेळाने घातलेली नाही. देवळाच्या भिंती अचानक नाहीशा होतात. धुकं, घोट्याएवढं पाणी, मध्ये छोटं बेट आणि त्यावर एकुलतं वठलेलं झाड. समोर दार दिसतं, तिथवर चालत जायचं. दाराला गज. परत फिरायचं, तर झाडाखाली कोणीतरी उभं.

पहिल्या खेपेला न दिसलेली गोष्ट: खोलीत शिरताना पाण्यात लिंकचं प्रतिबिंब असतं. बेट ओलांडलं की ते नसतं. ते पाण्यातून उठून झाडाखाली जाऊन उभं राहिलेलं असतं. कोणी सांगत नाही, बाण दाखवत नाही, संगीत बदलत नाही.

मग लढाई. आपण सरळ भोसकायला जावं तर तो आपल्याच तलवारीच्या पात्यावर चढून उभा राहतो. नावीला, म्हणजे लिंकसोबतच्या परीला, विचारलं तर ती शत्रूची कमजोरी सांगत नाही, एवढंच म्हणते की स्वतःवर मात कर. आणि आपल्या हृदयांची (म्हणजे प्राणशक्तीची) संख्या जितकी जास्त तितका तोही चिवट. म्हणजे जो सगळीकडे फिरून हृदयं गोळा करून आलाय त्याला शिक्षा!

लोखंडी चप्पल
शिक्षा वगैरे काही नाही. हातोडा काढायचा आणि ठोकायचं. तो तलवारीची नक्कल करतो, हातोड्यापुढे गडबडतो. डिन्स फायर हा आगीचा मंत्रही चालतो. स्वतःवर मात करण्यासाठी इतकं चिंतन लागत नाही.

शून्य बाण
चप्पलराव, तुम्ही कवितेच्या पानावर भाजीचा हिशोब लिहिणाऱ्यांतले.

वाकडी खिडकी
दोघांचं बरोबर आहे. डार्क लिंक ही या देवळातली एकच खोली जी यंत्राचा भाग नाही. पाण्याच्या पातळीशी तिचा संबंध नाही, त्याला हरवलं की धुकं-झाड-पाणी सगळं विरतं आणि साधी रिकामी खोली उरते. इतका वेळ डोकं शिणवल्यावर रचनाकाराने दिलेली सुटी असावी. तशी भयानक सुटी, पण सुटीच.

निन्टेंडो स्विचवर २०२१ मध्ये हा खेळ आला तेव्हा सुरुवातीला नेमकी हीच खोली बिघडलेली होती, धुकं-प्रतिबिंब नीट दिसेना. लोकांनी इतका आरडाओरडा केला की नंतरच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त करावं लागलं. एका खोलीच्या धुक्यासाठी इतके लोक भांडतात, तर 'वाईट रचलेली लेव्हल' हे बिरुद जरा जपून लावायला हवं.

ढ विद्यार्थी
आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटचा बॉस कोण? अमीबा. खेळात नाव येताना शब्दशः तसंच येतं, राक्षसी जलचर अमीबा, मॉर्फा. जीवशास्त्राच्या पहिल्या धड्यातला गडी!

गवताची काडी
त्याला पाण्याबाहेर कोपऱ्यात खेचलं की परत पाण्यात जाताच येत नाही, म्हणून काही सेकंदांत संपतो. लाँगशॉटने (लांब पल्ल्याच्या हुकशॉटने) केंद्रक ओढायचं, मारायचं, पुन्हा ओढायचं. देवळासाठी तीन रात्री, मालकासाठी एक मिनिट.

रात्रपाळी
बुडीत वाचत नसेल अशी आशा करू. धागा त्याचा आणि त्यालाच वाचायला बंदी.

बुडीत खातं
वाचलं नाही! शून्य बाण यांनी सोड म्हटल्यावर थेट खाली आलो.

किल्ली सापडली!!

आता उघड लिहायला हरकत नाही. वही केली, चौकोन काढले. फुल्या मारताना दिसलं की मनोऱ्याच्या आत, पाणी मध्यावर असताना, मी एक क्षणही थांबलेलो नाही. खालून शिरलो, वर चढून पाटीसमोर अंगाई वाजवली, पाणी वर आलं, आणि समोरच्या दाराने तडक बाहेर पडलो. खाली वळून बघितलंच नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं की तळाचा ठोकळा पाण्याबरोबर तरंगत वर आलाय आणि तो होता तिथे भलंमोठं भोक पडलंय. बूट घातले, बुडालो, तळाशी पेटी, पेटीत किल्ली.

त्याहून वाईट म्हणजे होकायंत्र मिळाल्यापासून नकाशावर सर्वात खालच्या मजल्यावर, बरोबर मध्ये, न उघडलेल्या पेटीची खूण दिसत होती. ती खूण मी तीन रात्री बघत होतो. "मनोऱ्याच्या तळाशी तर जाऊन आलोय, चुकून दिसत असेल" असं स्वतःला समजावून.

त्यामुळे माझ्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: चूक माझीही आणि देवळाचीही, पण थोडी माझी जास्त. खिडकीसाहेबांचं 'झाकण' मान्य. पण खूण समोर होती हेही खरं.

पानगळ
फुल्या मारणाऱ्याचा विजय असो. हा प्रतिसाद भावाला पाठवलाय.

ढ विद्यार्थी
मी चौथ्या प्रतिसादात 'मधल्या मनोऱ्यात' म्हटलं होतं. इतिहासात नोंद असावी.

लोखंडी चप्पल
किल्ली सापडेपर्यंत बूट किती वेळा काढले-घातले?

बुडीत खातं
विचारू नका.

बरं, नवी अडचण. त्या किल्लीने दार उघडलं, पुढच्या दोन-तीन खोल्या पार केल्या आणि आता एका धुक्याच्या खोलीत आलोय. झाडाखाली माझ्यासारखाच एक काळा माणूस उभा आहे आणि तो माझ्या तलवारीवर चढून बसतोय. आता वरचं वाचलं, म्हणजे हाच तो. हातोडा घेतलाय. पण हातोडा उगारेपर्यंत तो मागे जाऊन वार करून परत येतो. मी उडी मारतो ती जेमतेम पाऊलभर. इतका मंद मी आधी नव्हतो. या खोलीत लिंकचा वेग मुद्दाम कमी केलाय का?

शून्य बाण
नाही, खोलीत तसं काही नाही.

खुडबुड
बुडीत, पायात काय आहे?

बुडीत खातं
अरे देवा.